मुसाफिर म्हणजे पाहुणा

रमजानच्या महिन्यात कुणी फिरायला जाते का? तेही परदेशात? मार्च 2024 मध्ये मिरजेतल्या एका गल्लीत हा प्रश्न बरेच दिवस फिरत होता. मशिदीच्या पायऱ्यांवर तो निघाला, किराणा दुकानात निघाला, बायकांमध्ये तर अधिकच. कारण जाणारे जोडपे काही नवे नव्हते. नवरा एसटीच्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला, वय बासष्ट. बायको सत्तावन्न वर्षांची, तीस वर्षे घरबसल्या साड्यांना पिको-फॉल करणारी. गल्ली दोघांना चाचा-चाची म्हणूनच ओळखते. नातवंडांत रमायचे, जपमाळ ओढायचे हे वय. आणि हे निघाले इस्तंबूलला, सहा दिवसांसाठी!

चाचींचे उत्तर तयार असे. "रमजान तिकडं पण हाय की! आम्ही काय रमजान सोडून चाललोय?" उमरा त्यांचा आधीच झाला होता, त्यामुळे 'आधी मक्का-मदिना तरी करा' असे म्हणायची सोय कुणाला राहिली नव्हती. इस्तंबूलचे वेड त्यांना लावले ते उर्दूत डब झालेल्या तुर्की मालिकांनी. शिलाई मशीन चालवत चालवत एर्तुग्रुलचे भाग पाहिलेल्या कितीतरी बायका मिरजेत सापडतील, चाची त्यांतल्याच. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने विमानाचे दर पाहिले. थंडीचा शेवट आणि त्यात रमजान, म्हणून पर्यटकांची गर्दी कमी आणि तिकिटे स्वस्त. त्याने तिकिटे काढली. चाचींनी आपल्या तिकिटाचे पैसे पिको-फॉलच्या डब्यातून मोजून त्याच्या हातावर ठेवले.

गल्लीच्या प्रश्नामागे खरा प्रश्न वेगळा होता: रोज्यांचे काय? याचे उत्तर धर्मानेच देऊन ठेवले आहे. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात, सूरह अल-बकरामध्ये, रोज्याची आज्ञा जिथे येते तिथेच दोन माणसांना मोकळीक दिली आहे. एक आजारी, दुसरा मुसाफिर. त्यांनी हे रोजे नंतर, दुसऱ्या दिवसांत मोजून पुरे करावेत. या मोकळिकीला 'रुखसत' म्हणतात. नमाजलाही ती आहे. हनफी मताप्रमाणे एखाद्या गावी पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर माणूस मुसाफिरच राहतो आणि चार रकातींची फर्ज नमाज दोन रकातींची होते.

मोकळीक कागदावर असणे वेगळे आणि ती घेता येणे वेगळे. चाचींना हे चांगले ठाऊक होते. त्यांना मधुमेह आहे. इन्शुलिन सुरू झाले तेव्हापासून डॉक्टरांनी रोजे धरायला साफ मनाई केली होती. म्हणजे त्या पहिल्या सवलतीत बसतात. तरीही दोन वर्षे रमजानच्या दुपारी त्या घरात जेवत नव्हत्या. सून रोज्यात, नऊ वर्षांचा नातू पहिले रोजे धरायच्या हट्टावर. त्यांच्यासमोर ताट कसे वाढून घ्यायचे? मग दुपारी साडेबाराच्या सुमारास साडीची पिशवी घेऊन त्या शेजारच्या वहिनींकडे जात आणि वहिनींच्या स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून, भाकरी खात. वहिनींना कारण विचारावे लागले नाही. त्यांनाही साखर आहे आणि नवरात्रात त्यांचेही तेच होते. ही गोष्ट दोघींशिवाय कुणाला माहीत नव्हती. चाचांनासुद्धा.

पहिला दिवस : सोळा तासांचा रोजा

निघताना चाचांनी जाहीर केले होते, "सवलत असू दे. आपण रोजा सोडणार नाही." हनफी आलिमही सांगतात की त्रास होणार नसेल तर मुसाफिराने रोजा धरणे चांगलेच. प्रश्न 'त्रास होणार नसेल तर' या शब्दांचा असतो.

मुंबईच्या विमानतळावर दोघांनी बांधून आणलेल्या भाकरी-चटणीची सहरी केली. चाचांनी पाणी पिऊन रोज्याची नियत केली आणि सकाळी विमान सुटले. सात-आठ तासांचा प्रवास पश्चिमेकडचा. तुर्कस्तानचे घड्याळ भारतापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे विमान सूर्याच्या मागे मागे धावते आणि दिवस लांबतो. मार्चच्या मध्यावर मिरजेत पावणेसातच्या आत इफ्तार होतो. त्या दिवशी चाचांचा रोजा सुटणार होता इस्तंबूलच्या सव्वासातला, म्हणजे भारतातल्या रात्री पावणेदहाला. तेरा-सव्वातेरा तासांचा रोजा सोळा तासांच्या वर गेला.

तारखेचाही घोळ होताच. तुर्कस्तानात चंद्र प्रत्यक्ष दिसण्याची वाट पाहत नाहीत. तिथले धार्मिक व्यवहार खाते खगोलगणिताने वर्षाचे पंचांग आधीच ठरवते, आणि सहरी-इफ्तारच्या वेळांचा तक्ता, ज्याला ते 'इम्साकिये' म्हणतात, रमजानआधीच घरोघरी पोचतो. त्या वर्षी तिथे पहिला रोजा 11 मार्चला झाला, आपल्याकडे 12 मार्चला. चाचा मिरजेचा चौथा रोजा घेऊन निघाले आणि उतरले ते पाचव्या रोज्याच्या शहरात.

फातिह भागातल्या एका लहान हॉटेलात सामान टाकून दोघे बाहेर पडले तेव्हा बारीक पाऊस होता. मिरजेच्या मार्चमधून आलेल्या माणसांना ती थंडी झोंबत होती. आणि रस्त्यावर पाहतात तर हॉटेले उघडी! काचेआड लोक जेवत होते, लहानशा कमरेदार पेल्यांतून चहा पीत होते. त्याच रस्त्याने डोक्याला रुमाल बांधलेल्या, रोज्यात असलेल्या बायका भाजीच्या पिशव्या घेऊन चालल्या होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हते. चाचा पुटपुटले, "हे कसलं मुसलमानांचं शहर?" चाची काही बोलल्या नाहीत. त्या काचेआड जेवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईकडे बघत राहिल्या.

तुर्कस्तानची राज्यघटना धर्मनिरपेक्ष आहे. दीड कोटींहून जास्त वस्तीच्या इस्तंबूलमध्ये रोजा धरणारे लाखो आहेत आणि न धरणारेही लाखो. सगळे अगदी गोडीगुलाबीने चालते असे नाही. रोजा न धरणाऱ्यावर डोळे वटारणारे तिथेही भेटतात, आणि धरणाऱ्याला मागासलेला समजणारेही. पण शहराच्या मध्यभागी तरी दोघे एकाच फुटपाथवरून चालतात.

संध्याकाळी चित्र पालटले. भाकरभट्ट्यांसमोर रांगा लागल्या. 'रमजान पिदेसी' नावाची गोल, जाड, वर बोटांनी जाळी उमटवलेली, तीळ आणि कलौंजी लावलेली रोटी खास या महिन्याची. गरम रोटी कागदात गुंडाळून लोक घाईघाईने घरी निघाले. एका साध्या खानावळीत चाचा-चाची बसले. खजूर, ऑलिव्ह, सूप, रोटी असे सगळे आधीच वाढून ठेवलेले. चाळीस-पन्नास माणसे भरल्या ताटांसमोर हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती. शहराच्या काही भागांत इफ्तारची वेळ सांगायला अजूनही तोफ उडवतात. आपला 'तोफ' हा शब्द तुर्कीतल्या 'तोप'वरूनच आलेला. अजान झाली आणि एकदम चमच्यांचा आवाज सुरू झाला. सूप तोंडात घालताच चाची म्हणाल्या, "अजी, ही तर मसुराची आमटी!" ती मसुराचीच होती.

रात्री ट्रामने दोघे सुलतान अहमद मशिदीकडे गेले. सुलतान पहिला अहमद याने 1609 मध्ये काम सुरू करून बांधलेली ही सहा मिनारांची मशीद आतल्या निळ्या फरशांमुळे जगभर 'निळी मशीद' म्हणून ओळखली जाते. रमजानात तिच्या मिनारांमध्ये दोऱ्या ताणून दिव्यांनी अक्षरे लिहितात. या रोषणाईला 'माह्या' म्हणतात. महिना या अर्थाच्या 'माह' शब्दावरून ते नाव पडले. सतराव्या शतकापासून तेलाचे दिवे टांगत. आता विजेचे असतात. दोरी बांधायला दोन मिनार लागतात, त्यामुळे एकाच मिनाराच्या लहान मशिदींच्या नशिबी माह्या नाही.

आपल्याकडच्या बहुतेक मशिदींत बायकांसाठी जागा नसते. त्या तरावीहची नमाज घरीच पढतात. मक्का-मदिना सोडले तर चाचींनी मशिदीत तरावीह कधी पढली नव्हती. इथे बायकांचा भाग वेगळा होता आणि भरलेला होता. गुडघे दुखतात म्हणून चाची खुर्ची शोधू लागल्या, तर शेजारच्या एका तरुणीने न विचारता ती आणून दिली. वीस रकाती झाल्यावर बाहेर भेटल्या तेव्हा चाचा खांबाला टेकून उभे होते. चेहरा उतरलेला. "थकलोय," एवढेच म्हणाले.

दुसरा दिवस : चढावरची खुर्ची

पहाटे ढोल वाजला. इस्तंबूलच्या मोहल्ल्यांत सहरीला उठवण्यासाठी अजूनही ढोलवाले फिरतात आणि रमजानात घरोघर जाऊन 'बहशिश' मागतात. आपल्या बक्षिसाचाच तो भाऊ. मिरजेत, कोल्हापुरात डफ वाजवत, नावे घेत सहरीला उठवणारे फकीर ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हा आवाज परका वाटणार नाही. चाचांनी सहरी केली. थकवा गेला नव्हता, पण नियत झाली.

सकाळी दोघे गोल्डन हॉर्नच्या काठी एमिनोन्यूला गेले. गलाता पुलावर गळ टाकून माणसांची रांग उभी होती. रमजान असो नसो, ही रांग तिथे असतेच. पुलाजवळचा मसाल्यांचा बाजार सतराव्या शतकातला. मिरची, जिरे, सुमाक, केशर यांचे ढीग पाहून चाची हरखल्या. दुकानदारांचे शब्दही अर्धे ओळखीचे: हफ्ता, दुनिया, साबून, दोस्त, मैदान. वाण्याला तिथे 'बकाल' म्हणतात. आपल्या जुन्या मराठीतही तो शब्द आहेच. वहीला 'देफ्तेर'. आणि पावाला, रोटीला 'एकमेक'! चाचींना हा शब्द फार आवडला. "एकमेक म्हणजे रोटी," त्या दिवसभर घोकत राहिल्या.

साडेबारा वाजले. चाचींनी पर्समधून इन्शुलिनचे पेन काढले आणि म्हणाल्या, "हॉटेलवर जाऊ या. खोलीत बसून खाते."

"खोलीत कशाला? इथं बाकावर खा की. तुला इथं कोण ओळखतंय?"

चाची बाकावर बसल्या. पिशवीतून रोटी काढली आणि सवयीने पुलाकडे पाठ केली, पदर तोंडावर ओढला. चाचांनी ते पाहिले. "घरी पण अशीच खातेस?" त्यांनी सहज विचारले. आणि दोन वर्षे लपवलेले चाचींनी एका दमात सांगून टाकले. वहिनींचे स्वयंपाकघर, साडीची पिशवी, दाराकडची पाठ.

चाचा बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मला वाटायचं, तू घरीच जेवतेस."

"तुम्ही कधी विचारलंत का?"

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते. रमजानात दुपारी ते मशिदीत असत. घरात कोण काय खाते, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नव्हता.

तिथून दोघे सुलेमानिये मशिदीकडे चढू लागले. वास्तुकार सिनान याने सुलतान सुलेमानसाठी 1550 ते 1557 या काळात बांधलेली ही मशीद टेकडीवर आहे आणि एमिनोन्यूकडून येणाऱ्या गल्ल्या चांगल्याच चढाच्या. अर्ध्या वाटेवर चाचांचे पाय लटपटले. डोळ्यांपुढे अंधारी आली. एका भांड्यांच्या दुकानदाराने धावत खुर्ची आणली, त्यांना बसवले आणि चाचींकडे पाहून एक शब्द विचारला, "मिसाफिर?"

चाचांनी मान हलवली. हो, मुसाफिर. दुकानदाराने पाण्याचा पेला पुढे केला. चाचांनी हाताने नको म्हटले.

तेव्हा चाची बोलल्या. मोठ्याने नाही, पण ठामपणे. "बयानात तुम्हीच ऐकून येता आणि आम्हाला सांगता. तो माणूस आठवतो का, ज्याच्यावर लोक सावली धरून उभे होते?"

हदीसमधला हा प्रसंग प्रसिद्ध आहे. प्रवासात एका माणसाभोवती गर्दी जमली होती आणि लोक त्याच्यावर सावली धरून होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी चौकशी केली तेव्हा कळले, त्याचा रोजा आहे. त्यावर त्यांनी सांगितले की प्रवासात असा रोजा धरणे हे काही पुण्याचे काम नव्हे. दुसरीही एक परंपरा आहे. प्रेषितांबरोबर प्रवास करणाऱ्या साथीदारांपैकी काही रोज्यात असत, काही नसत. रोजा धरणारा न धरणाऱ्याला बोल लावत नसे आणि न धरणारा धरणाऱ्याला.

"मला आजाराची एकच सवलत," चाची म्हणाल्या, "ती पण मी चोरून घेतली. तुम्हाला आता दोन-दोन आहेत. प्या पाणी."

चाचांनी पाणी प्यायले. दुकानदाराने साखर घातलेला चहाही दिला आणि पैसे घेतले नाहीत. छातीवर हात ठेवून पुन्हा तोच शब्द म्हणाला, "मिसाफिर." हॉटेलवर परतल्यावर मोबाईलवर पाहिले तेव्हा दोघांना गंमत कळली. उर्दूत आणि मराठीत मुसाफिर म्हणजे प्रवासी. तुर्कीत तोच शब्द 'मिसाफिर' झाला आणि त्याचा अर्थ आहे पाहुणा. दुकानदाराने 'तुम्ही पाहुणे का?' असे विचारले होते. चाचांनी 'हो, प्रवासी' असे उत्तर दिले होते. दोघांचेही बरोबर होते.

हा अर्थ उगाच बदललेला नाही. उस्मानी काळात मोठ्या मशिदींच्या आवारात मदरसा, दवाखाना, सराई आणि मोफत अन्नछत्र असे. सुलेमानियेच्या आवारातही होते. या अन्नछत्राला 'इमारेत' म्हणत. आपल्याकडे त्याच शब्दाची नुसती 'इमारत' झाली, वास्तू राहिली आणि चूल गेली. सराईत उतरलेल्या प्रवाशाला तीन दिवस फुकट जेवण-मुक्काम देण्याची रीत होती. पाहुण्याचा हक्क तीन दिवसांचा, त्यापुढे जे कराल ते दान, अशी हदीसची शिकवण आहे. आपल्याकडची म्हण जरा कडक आहे. 'पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई.' हिशेब मात्र दोन्हीकडे तीन दिवसांचाच.

संध्याकाळी चाचींना भाकरभट्टीत एक टोपली दिसली. गिऱ्हाईक दोन रोट्यांचे पैसे देते, एक घेऊन जाते, एक टोपलीत राहते. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो येतो आणि न मागता ती उचलतो. याला 'अस्किदा एकमेक', म्हणजे टांगून ठेवलेली रोटी म्हणतात. कोणी ठेवली हे घेणाऱ्याला कळत नाही, कोणी नेली हे ठेवणाऱ्याला कळत नाही. उस्मानी काळातली अशीच दुसरी रीत 'झिमेम देफ्तेरी'ची, म्हणजे बकालाच्या उधारीच्या वहीची. रमजानात सधन माणूस अनोळखी मोहल्ल्यातल्या वाण्याकडे जाई, वहीतली काही पाने काढायला लावी, त्यांची बेरीज करून पैसे मोजी आणि नाव न सांगता निघून जाई. अलीकडे ही रीत काही ठिकाणी पुन्हा सुरू झाली आहे, आणि ती नुसती हौस नाही. त्या मार्च महिन्यात तुर्कस्तानातला महागाईचा अधिकृत वार्षिक दर 68 टक्क्यांच्या वर होता. वह्या भरलेल्या होत्या.

चाचींनी तीन रोट्यांचे पैसे दिले. एक घेतली, दोन टोपलीत ठेवल्या. "एक तुमच्याकडून," त्या म्हणाल्या.

तिसरा दिवस : यजमानाच्या दारी

तिसऱ्या दिवशी चाचांनी रोजा धरला नाही. सहरीचा ढोल ऐकला आणि ते कूस बदलून झोपले. सकाळी मात्र खाणे घशाखाली उतरेना. पासष्टीकडे झुकलेल्या माणसाला रमजानच्या दिवसा उजेडी खायचे म्हणजे अवघडच. बोटीवर चाचींनी दोन सिमित घेतले. सिमित म्हणजे तीळ लावलेले कडक कडे. शहरभर हातगाड्यांवर मिळते. चाचींनी आपले सिमित मोडले आणि डेकवर, वाऱ्यात, समोर बघत खाल्ले. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. समोरच्या बाकावर एक म्हातारा हातात तसबीह घेऊन बसला होता. त्याने एकदा पाहिले, मान लववली आणि पुन्हा मणी ओढू लागला. मग चाचांनीही आपले सिमित मोडले.

बोट गोल्डन हॉर्नमधून एयुपला जाते. तिथे हजरत अबू अय्यूब अन्सारी यांची कबर आहे. इस्तंबूलच्या मुसलमानांच्या लेखी हे शहरातले सर्वांत आदराचे ठिकाण. उस्मानी सुलतान गादीवर आले की इथे येऊन कमरेला तलवार बांधत. आज सुंता व्हायची आहेत ती मुले राजपुत्रासारखे कपडे घालून येतात आणि नवी जोडपी आशीर्वादासाठी. गर्दी, दुवा मागणारे हात, जाळीला टेकलेली कपाळे पाहून चाचींना मिरजेचा मीरासाहेबांचा दर्गा आठवला. तिथे उरुसाला पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. दर्गा कोणताही असो, दाराशी सगळे सारखेच उभे असतात.

अबू अय्यूब कोण होते? प्रेषित मुहम्मद (स.) मक्का सोडून मदिनेला आले तेव्हा प्रत्येकाला वाटत होते की त्यांनी आपल्या घरी उतरावे. उंटीण जिथे बसेल तिथे, असे ठरले. ती अबू अय्यूब यांच्या घराजवळ बसली. घर दोन मजली होते. भेटायला येणाऱ्यांची सोय म्हणून प्रेषित खाली राहिले आणि नवरा-बायको वर. आपण पाहुण्याच्या डोक्यावर राहतो ही गोष्ट त्या जोडप्याला रात्रंदिवस टोचत होती. एका रात्री वरच्या मजल्यावर पाण्याचा घडा फुटला. पाणी खाली ठिबकू नये म्हणून दोघांनी घरातली एकुलती पांघरायची चादर टाकून ते टिपून घेतले आणि रात्र तशीच काढली. चरित्रग्रंथांतला हा प्रसंग पाहुणचाराचा धडा म्हणून सांगितला जातो.

हेच अबू अय्यूब म्हातारपणी मुस्लीम फौजेबरोबर कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात आले. ते साल साधारण इसवी सन 670 च्या आसपासचे. इथे ते आजारी पडले आणि परक्या शहराच्या तटापाशी त्यांना दफन केले गेले. सुमारे पावणेआठशे वर्षांनी, 1453 मध्ये, सुलतान मेहमत दुसरा याने शहर जिंकले आणि कबरीवर दर्गा उभा राहिला. मदिनेचा यजमान इस्तंबूलचा कायमचा पाहुणा झाला, आणि आज शहर त्याच्याकडे यजमान म्हणून येते.

चाचा कबरीच्या जाळीपाशी बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "चादर दोघांनी मिळून टाकली होती, नाही?" चाची म्हणाल्या, "हो. दोघांनी."

संध्याकाळी सुलतान अहमद चौकात माणसांचा पूर लोटला होता. जिथे कधीकाळी रोमन सम्राटांच्या रथांच्या शर्यती होत, त्या मैदानात कुटुंबेच्या कुटुंबे चटया अंथरून, डबे उघडून अजानची वाट बघत बसतात. एका बाजूला निळी मशीद, दुसऱ्या बाजूला आयासोफिया. सन 537 मध्ये चर्च म्हणून पूर्ण झालेली, 1453 नंतर मशीद, 1935 मध्ये संग्रहालय आणि 2020 पासून पुन्हा मशीद झालेली ही वास्तू. तिच्या पोटात इतकी शतके आहेत की दोन दिवसांत ती कुणालाच कळायची नाही. दोघे नुसतेच फिरत होते. एका चटईवरून हाक आली. आजी-आजोबा, मुलगा-सून, तीन पोरे. हाताने बोलावत होते, सरकून जागा करत होते.

चाचा थबकले. "आपला रोजा नाही. इफ्तारला कसं बसायचं?" मोबाईलवर भाषांतर करून त्यांनी ते प्रामाणिकपणे सांगितलेही. आजी खळखळून हसल्या. पोरांकडे बोट दाखवले: यांचा तरी कुठे आहे? मग स्वतःच्या औषधांची डबी दाखवली. त्यांचाही नव्हता. त्या चटईवरच्या सात जणांत रोजा तिघांचा होता. अजान झाली तेव्हा हात मात्र सगळ्यांचे एकदमच पुढे झाले.

दुधात भिजवलेल्या पातळ पापड्यांचे, वर डाळिंबाचे दाणे पेरलेले 'गुल्लाच' खाऊन झाल्यावर (चाचींनी एकच चमचा घेतला) आजीने कागदात बांधलेले खजूर चाचींच्या हातात कोंबले आणि काहीतरी म्हटले. नातवाने भाषांतर दाखवले: दातांचे भाडे. उस्मानी काळात मोठ्या घरांत इफ्तारला आलेल्या पाहुण्यांना निघताना भेट देत. आमच्या घरी जेवून तुम्ही दात झिजवलेत, त्याचे हे भाडे! चाचींना हसू आवरेना. रोज्यात नसलेल्या दोन माणसांना दात झिजवल्याबद्दल भाडे मिळाले होते.

हिशेब

पुढचे दिवस नेहमीच्या पर्यटकांसारखे गेले. चार हजारांच्या आसपास दुकाने असलेला झाकलेला बाजार, बोस्फोरसवरची बोट, मांजरांचे फोटो. त्या दिवसांत चाचांनी रोजे धरले, कारण थकवा गेला होता. दोघे मिरजेला परतले तेव्हा निम्म्याहून जास्त रमजान बाकी होता.

त्यांनी कुठले प्रवचन केले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला चाचांनी स्वतः ताट वाढले आणि स्वयंपाकघरात चाचींसमोर ठेवले. नातू आला, बघत राहिला. चाचांनी त्याला सांगितले, "दादीला औषध घ्यायचं असतं. औषध उपाशीपोटी चालत नाही. अल्लाहनं त्यांना सुट्टी दिली आहे." नातवाने विचारले, "मग तुम्हाला?" चाचा म्हणाले, "मला पण मिळाली होती. दोन रोज्यांची. त्या दोन रोज्यांची उधारी आहे, ती फेडायची आहे."

ती उधारी, म्हणजे कजा रोजे, त्यांनी ईदनंतर फेडले. चाचींचे न धरता येणारे रोजे फिदियाने पुरे होतात: प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला दोन वेळचे जेवण. पूर्वी ते पैसे चाचा हिशेब करून मशिदीत देत. त्या वर्षी चाचींनी स्वतः जाऊन चौकातल्या वाण्याकडे पैसे भरले आणि वहीतली दोन घरे मिटवायला सांगितली. कोणती, ते विचारले नाही.

शेजारच्या वहिनी मात्र आठवडाभर रुसल्यासारख्या होत्या. दुपारची सोबत गेली होती. मग एक दिवस त्याच आपला डबा घेऊन चाचींच्या घरी जेवायला आल्या. पुढे ऑक्टोबरमध्ये नवरात्र आले, तेव्हा वहिनींनी नऊ दिवसांचा उपास धरला नाही. उठता-बसता धरला, पहिला आणि शेवटचा दिवस. मधल्या दिवसांत त्या आपल्याच स्वयंपाकघरात, दार उघडे ठेवून जेवत होत्या. एकदा सासूबाईंनी काही विचारले, तेव्हा चाची तिथेच होत्या. वहिनींच्या आधी त्याच बोलल्या, "औषध हाय त्यांचं. जेवू द्या त्यांना."